फळ्यावरची थाप

मुरूम गावची बाजारपेठ जिथं संपते तिथं, मठाच्या मागच्या अंगाला, एका अडत दुकानदारानं आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ आठ खोल्या बांधल्या होत्या. नोकरी संपलेल्या आणि मागंपुढं कुणी नसलेल्या माणसांसाठी. दारावरच्या दगडात त्या जागेचं भारदस्त नाव कोरलेलं होतं, पण गाव तिला 'म्हाताऱ्यांची ओळ' म्हणायचं, आणि पुढं पुढं आम्हीही तेच म्हणायला लागलो. महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा मी तिथं राहायला गेलो. मास्तरकी संपली होती, बायको आधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. एक ट्रंक, एक कंदील आणि वळकटी घेऊन मी तिसऱ्या खोलीत शिरलो.

ओळीत नावानं कुणी कुणाला हाक मारत नसे. ज्याची जी नोकरी तेच त्याचं नाव. मी मास्तर. पहिल्या खोलीत पोलिसातून उतरलेले जमादार, मोठ्या पोटाचे आणि त्याहून मोठ्या आवाजाचे. पाचव्या खोलीत डाकवाले, ज्यांनी तीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलं होतं. शेवटच्या खोलीत नर्सबाई. त्या सरकारी दवाखान्यात बाळंतपणं करून निवृत्त झाल्या होत्या. कानडी मुलखातल्या, मराठी बोलताना मधेच अडखळायच्या आणि अडखळल्या की स्वतःवरच चिडायच्या. आणि माझ्या शेजारी, चौथ्या खोलीत, पेशकार.

फळा मी आणला. गावच्या शाळेत एक जुना फळा मोडीत काढला होता, तो हेडमास्तरांकडून मागून घेतला आणि ओसरीच्या भिंतीवर टांगला. सोलापूरचा पेपर दुपारच्या एसटीनं यायचा. तो आधी अडत दुकानात वाचला जायचा, संध्याकाळी आमच्याकडं यायचा. मी तो सगळा वाचून काढायचो आणि सकाळी उठून खडूनं फळ्यावर लिहायचो. वरती मुलखाच्या बातम्या, खाली गावच्या. कुणाच्या पोरीची सोयरीक गुलबर्ग्याला जमली, कुणाची म्हैस सुटून मठाच्या बागेत शिरली, कुणी कवळी बसवली आणि जेवताना काढून ठेवली. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ असायची, 'आजची थाप' असा मथळा देऊन. 'जमादारांच्या घोरण्याला भूकंप समजून मठातली माणसं अंगणात येऊन झोपली.' किंवा, 'डाकवाल्यांच्या जुन्या कोटात वाटायचं राहिलेलं एक पत्र सापडलं. ज्याच्या बारशाचं बोलावणं होतं त्याचं परवा लग्न आहे.'

लोक चहा घ्यायच्या आधी फळ्याकडं यायचे. ज्याच्यावर थाप असायची तो सगळ्यात मोठ्यानं हसायचा, कारण त्या दिवसापुरता तो ओळीतला मोठा माणूस असायचा. गावातली माणसंसुद्धा मठाकडं जाता जाता थांबून वाचायची. बत्तीस वर्षं मी फळ्यावर लिहिलं होतं, पण वाचणारी माणसं मला पहिल्यांदा तिथं मिळाली. त्याची चढते माणसाला. मला चढली.

आता पेशकारांबद्दल. त्यांच्याविषयी आधी सगळं सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सांगताना मी माझी बाजू सावरायला लागेन.

निझामाच्या राज्यात ते एका तहसिलीत पेशकार होते, साहेबासमोर मिसली, म्हणजे प्रकरणांच्या फायली, ठेवणारे. त्याच गावात मी शाळेवर होतो. रझाकारांचे दिवस होते. चळवळीची काही पत्रकं मी शाळेच्या कपाटात ठेवू द्यायचो, एवढाच माझा चळवळीशी संबंध. एक दिवस दुपारी पेशकार शाळेत आले. वर्गाच्या दारात उभं राहून, सगळ्या पोरांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मास्तर, तुमच्या आईची तब्येत बरी न्हाय म्हणून निरोप आलाय. आजच्या आज निघा."

माझी आई जाऊन दहा वर्षं झाली होती. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि समजलो. वर्ग तसाच सोडला आणि चालत निझामाच्या राज्याबाहेर, बार्शीच्या हद्दीत गेलो. दुसऱ्या दिवशी माझ्या बिऱ्हाडाचं दार फोडलं गेलं. पकडायच्या माणसांच्या यादीत असलेली दुसरी दोन माणसं पकडली गेली, त्यातलं एक परत आलंच नाही.

पोलीस ॲक्शन झाली, राज्य गेलं, आणि कुणीतरी अर्ज केला की ती यादी पेशकारांनी लिहून दिली होती. चौकशी बसली. ते म्हणाले, अमक्या मास्तरांना विचारा. मास्तर तर बार्शीकडं होते. मी गावी परतलो तोवर त्यांना बरखास्त करून दोन महिने झाले होते. मला कुणी विचारलं नाही. मीही कुणाला सांगायला गेलो नाही.

उलट मी दुसरंच सांगत राहिलो. पोलीस यायच्या आत शाळेची मागची भिंत चढून मी निसटलो, असं मी परतल्यावर कुणाला तरी बोललो. ते लोकांना आवडलं. दर पंधरा ऑगस्टला मला झेंड्याजवळ खुर्ची मिळायला लागली आणि भिंतीची गोष्ट सांगायची फर्माईश व्हायला लागली. सांगून सांगून ती मलाही खरी वाटायला लागली होती.

ओळीत मी राहायला गेलो त्या दिवशी शेजारच्या दारातून पेशकार बाहेर आले. वाळलेले, केस सगळे पांढरे, पण शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. बाजारात बसून लोकांचे अर्ज लिहून ते पोट भरत. अडत दुकानदाराचे सगळे सरकारी कागद तेच करायचे, म्हणून पेन्शन नसतानाही त्यांना खोली मिळाली होती. त्यांनी मला ओळखलं, हसले आणि म्हणाले, "मास्तर, आईची तब्येत कशी आहे?"

मीही हसलो. पण हसताना, आजूबाजूला कुणी ऐकलं की काय, ते आधी बघितलं.

आठवड्याभरानं जमादारांनी मला भिंतीची गोष्ट सांगायला लावली. पेशकार तिथंच बसले होते. मी चाचरत सांगितली. संपल्यावर डाकवाल्यांनी विचारलं, "पेशकारसाहेब, तुम्ही तर त्याच गावचे. भिंत लई उंच होती का हो?"

"होती की," पेशकार म्हणाले. "चांगली उंच होती."

एवढ्यावर त्यांनी मला सोडलं. तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

अशी दोन वर्षं गेली. मग एके सकाळी मी फळ्यावर एक गावची बातमी लिहिली, अमक्या घरात नवराबायकोची मोठी तकरीर झाली म्हणून. माणसं जमली होती. पेशकार चष्मा सारखा करत वाचत होते. म्हणाले, "मास्तर, तकरीर म्हणजे भाषण. ते पुढारी करतात. नवराबायकोत होते ती तकरार."

जमादार मांडीवर थाप मारून हसले. "आता गं बया! म्हंजी नवरा भाषान करतोय न् बायकू टाळ्या वाजीवती!" सगळी ओसरी हसली. दिवसभर जो येईल त्याला तेच सांगणं चाललं होतं. संध्याकाळी अडत दुकानातला हमालसुद्धा मला म्हणाला, "काय मास्तर, आज तकरीर कुठं हाय?"

इतकीच गोष्ट. माणूस बरोबर बोलला होता आणि वाईट हेतूनं बोललाच नव्हता. पण फळा माझा होता, आणि त्या दिवशी हसवलं त्यांनी. ते माझ्या मनात चार दिवस कुजत राहिलं.

पाचव्या दिवशी मी लिहिलं. वरच्या बातम्यांत, दिल्ली आणि मुंबईच्या मधे, चांगल्या वळणदार अक्षरात: 'पोलीस ॲक्शननंतर नोकरीवरून कमी केलेल्यांच्या मिसली सरकार पुन्हा उघडणार. संबंधितांनी जिल्ह्याच्या ठिकाणी कचेरीत अर्ज द्यावेत.' आणि खाली 'आजची थाप' हा मथळा मुद्दाम लिहिला नाही.

माझा बेत असा होता, की पेशकार ते वाचून धावत येतील, "कुठल्या पेपरात आलंय?" म्हणून विचारतील, मी म्हणेन, "थाप!", आणि ओसरी हसेल. फिटंफाट होईल.

पेशकार सगळ्यांच्या आधी उठायचे. मी चूळ भरत होतो तेव्हा ते फळ्यासमोर उभे होते. दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा ओठ हलवत वाचलं. मी वाट बघत होतो. ते काही न विचारता आत गेले, कापडात बांधलेलं दप्तर काढलं, टोपी घातली आणि एसटीच्या दिशेनं चालायला लागले. माझ्या तोंडात पाणी तसंच होतं. हाक मारायला एवढंसं अंतर होतं. मी चूळ टाकली तोवर ते मठाच्या वळणावर गेले होते.

पळत गेलो असतो तर गाठलं असतं. मी गेलो नाही. उलट माणसं जमली तेव्हा हा किस्सा मीच रंगवून सांगितला. जमादार डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "मास्तर, ह्यो तुमचा सगळ्यात भारी वार!" फक्त नर्सबाई हसल्या नाहीत. "खरं की खोटं ते लिहायचं होतं ना खाली," एवढंच म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

पेशकार तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परतले. आम्ही सगळे ओसरीवर होतो. कुणी कोपरानं कुणाला ढोसत होतं, आता काय म्हणतात बघू म्हणून. ते आले ते हसतच आले. दप्तर खाली ठेवलं आणि कागदाच्या पुडीतून एकेकाच्या हातावर प्रसाद ठेवायला लागले. परतताना तुळजापूरला उतरून देवीचं दर्शन घेऊन आले होते.

"पहिल्या दिवशी कुणाला काही माहीतच न्हाय," ते सांगायला लागले. "हा त्या टेबलाकडं पाठवतो, तो ह्या टेबलाकडं. एकजण म्हणाला, आजोबा, असा काही हुकूमच आलेला न्हाय. मी म्हटलं, येईल, पेपरात छापून आलंय. दुसऱ्या दिवशी एक नवा कारकून भेटला, तुमच्या-आमच्या पोरासारखा. त्यानं बसवलं, पाणी दिलं. अर्ज घेतला आणि पोच दिली. हे बघा."

पोच त्यांनी सगळ्यांना दाखवली. अर्जाच्या नकलेवर गोल शिक्का होता आणि खाली कारकुनाची सही. त्या पोरानं म्हाताऱ्याची दया येऊन तेवढं केलं होतं, हे कुणालाही कळलं असतं. जन्मभर कचेरीत घालवलेल्या त्या माणसाला मात्र कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

तेव्हा सांगायला हवं होतं. माझ्या हातावर प्रसाद होता, तो मी तोंडात टाकला. सगळ्यांनी टाकला.

मग ओळीला रोजचं नवं खेळणं मिळालं. सकाळी पेशकार दिसले की जमादार विचारायचे, "काय साहेब, मिसल उघडली का?" डाकवाले तोंड गंभीर करून सांगायचे, की सरकारी पाकिटाला वेळ लागतो, वरच्या कचेरीत फिरून येतं. पेशकार दोघांनाही मनापासून उत्तर द्यायचे. कुणी आत जाऊन हसायचं, कुणी पाठ फिरवून. मी फळ्यावर त्याविषयी एक अक्षर लिहिलं नाही, आणि हा आपला मोठा चांगुलपणा आहे अशी माझी समजूत होती.

महिना-सव्वा महिना हे चाललं. एके दुपारी पत्त्यांच्या डावात पेशकारांनी जमादारांना हरवलं. जमादारांना हरणं सोसायचं नाही. पत्ते टाकून ते ओरडले, "पत्त्यात लई डोकं चालतंय! मंग ती मास्तराची थाप कशी न्हाय वळकली? कसली मिसल न् कसलं काय! म्हैना झाला, समदं गाव हसतंय तुमाला!"

पेशकारांनी पत्ते गोळा केले, सारखे केले आणि खाली ठेवले. मग माझ्याकडं वळून विचारलं, "थाप होती?"

"व्हय," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले. उठले आणि खोलीत गेले. संध्याकाळी जेवायला आले नाहीत. नर्सबाई ताट झाकून त्यांच्या दाराशी ठेवून आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच माझ्या दारावर टकटक केली. मला वाटलं भांडायला आले. मनातून वाटत होतं भांडावं, म्हणजे सुटेन. त्यांच्या हातात एक कागद होता.

"थाप तर थाप," ते म्हणाले. "पण अर्ज दाखल झालाय, ते तर खरं आहे ना? आकडा पडलाय त्याच्यावर. आता त्याला गवाही जोडायची. मी लिहून आणलंय. तुम्ही फक्त दस्तखत करा."

मी वाचलं. मोजून सहा ओळी होत्या. मी त्या वेळी त्या गावी शिक्षक होतो. यादी पेशकारांनी लिहून दिली नाही. उलट यादीत माझं नाव आहे हे कळताच त्यांनी स्वतः शाळेत येऊन मला सावध केलं, म्हणून मी वाचलो. एक अक्षर जास्त नव्हतं आणि एक अक्षर खोटं नव्हतं. शाळेची भिंत त्यात कुठं नव्हती.

"ठेवून जा," मी म्हटलं. "नीट वाचतो."

आठ दिवस तो कागद माझ्या उशीखाली राहिला. नवव्या दिवशी ते आले.

"वाचलं?"

"वाचलं."

"काही चुकलंय का?"

"न्हाय."

"मग?"

मी म्हटलं, "पेशकारसाहेब, इतक्या वर्षांनी कशाला उकरून काढता? तुमचं वय झालं, माझं झालं. आता कोण विचारतंय?"

"मी विचारतोय ना," ते म्हणाले. खाली सतरंजीवर बसले आणि हळू आवाजात बोलायला लागले. "मास्तर, मला नोकरी नको, पेन्शन नको. त्या मिसलीत एक कागद आहे. त्याच्यावर लिहिलंय, ह्या माणसानं माणसं पकडून दिली. मी मेल्यावरही तो कागद तिथंच राहणार. त्याच्या पाठीला दुसरा एक कागद लावायचाय मला. वाचणारा वाचेल, न्हाय तर न वाचेल. पण तो तिथं असला पाहिजे."

मी काय बोललो? "विचार करतो," म्हटलं. डोळ्यासमोर मात्र झेंड्याजवळची खुर्ची होती. कागद कचेरीत गेला की चौकशी होणार, गावात कळणार, की मास्तर भिंत चढून गेला नव्हता, दुसऱ्यानं वाचवलेला माणूस होता तो, आणि वाचवणाऱ्याला बुडताना बघत पंधरा वर्षं गप्प होता. जिवाची भीती नव्हती, पोटाची नव्हती. फक्त लोक काय म्हणतील याची होती. तेवढी पुरली.

मग ते इतरांकडं गेले. बाकीच्यांना त्या गावची माहिती नव्हती, तेव्हा त्यांच्यासाठी त्यांनी वेगळा कागद लिहिला: आम्ही या गृहस्थांना इतकी वर्षं ओळखतो, यांची वागणूक सचोटीची आहे. ओळीतल्या प्रत्येकाचे अर्ज आजवर त्यांनीच लिहिले होते. जमादारांचा पेन्शनचा, डाकवाल्यांच्या मुलाच्या बदलीचा. जमादार म्हणाले, "सरकारानं काडलेल्या मानसाच्या कागदावर सही? म्या न्हाय बा." डाकवाले म्हणाले, मुलगा नोकरीत आहे, उगीच त्याच्यावर यायचं. कुणाचा हात दुखत होता, कुणी चष्म्याचं निमित्त काढलं. आणि सगळे एकच गोष्ट म्हणत होते, "मास्तरांनी केलीय का? ते तर त्याच गावात होते. त्यांनी केली की आम्ही करू."

नर्सबाईंनी तो कागद वाचून घेतला. "सचोटीची म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे प्रामाणिक," पेशकार म्हणाले.

"मग तसं लिहा, मला कळंल असं. आणि लिहा की सात वर्सं मी यांच्या शेजारी राहते, यांना खोटं बोलताना मी एकदापण ऐकलं नाही." पेशकारांनी तसं लिहिलं. बाईंनी खाली कानडीत सही केली, एकेक अक्षर दाबून.

एका सहीचा तो कागद पेशकारांनी टपालानं पाठवला. दिवाळीनंतर खरोखरच सरकारी पाकीट आलं. डाकवाल्यांनीच ते पोस्टातून आणलं आणि त्यांच्या हातात दिलं. पेशकारांनी उभ्यानंच वाचलं आणि मग आम्हालाही वाचून दाखवलं, बाजारात एखाद्या शेतकऱ्याला दाखवावं तसं समजावून. साक्षीदारास प्रकरणाची प्रत्यक्ष माहिती नसल्याने अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे.

"दप्तरी दाखल म्हणजे?" जमादारांनी विचारलं.

"म्हणजे पुरला," पेशकार म्हणाले.

त्या संध्याकाळी ते माझ्या दारात आले. आत आले नाहीत. "मास्तर, तो कागद असेल तर देता का? मागची बाजू कोरी आहे. बाजारात अर्जाला उपयोगी पडेल."

मी उशीखालून काढून दिला. त्यांनी घडी मोडली, उलटा करून बघितला, मान डोलावली आणि गेले. दुसऱ्या दिवशी बाजारात त्या कागदाच्या मागं त्यांनी कुणाच्या तरी विहिरीचा कच्चा अर्ज लिहिला असेल. मी बघायला गेलो नाही.

त्यानंतर आमच्यात भांडण झालं नाही. ते पत्ते खेळायचे, फळा वाचायचे, भेटले की नमस्कार करायचे. माझ्या फळ्यावर पुढं दोन-चारदा उर्दू शब्द चुकले. जाणूनबुजून चुकवला एकदा. ते वाचून पुढं गेले. दुरुस्त केलं नाही.

संक्रांतीच्या सुमाराला त्यांना छातीत कफ झाला. नर्सबाईंनी दहा दिवस उठून बसून केलं. शेक, काढा, दवाखान्याच्या चकरा, सगळं. मी दोनदा दाराशी जाऊन आलो. दुसऱ्यांदा ते जागे होते. "बसा," म्हणाले. मी बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "कुणाला कळवायचं का?" ते म्हणाले, "ईट गावाला पुतण्या आहे. पण आत्ता नको, त्याची सुगी चाललीय." दोन दिवसांनी सकाळी गेले.

पुतण्या आला, राबणारा साधा माणूस. दप्तर चाळून त्यानं मला विचारलं, "यातलं काय ठिवायचं, काय टाकायचं, मला कळत न्हाय. तुमी मास्तर हायसा, बघता का?" गोल शिक्क्याची ती पोच सगळ्यात वर होती. मी म्हटलं, "सगळंच ठेवा."

तेराव्याला ओळीत शोकसभा झाली. अडत दुकानदार अध्यक्ष होते. ठराव मी लिहिला, कारण ओळीत लिहिणारा आता मीच उरलो होतो. निःस्पृह, निष्कलंक, परोपकारी असे शब्द होते त्यात. जमादारांनी तो ऐकून डोळे पुसले, आणि खोटे नाही पुसले. मग पुतण्याकडं पाठवायच्या प्रतीवर सगळ्यांनी सह्या केल्या. हात दुखणाऱ्यानं केली, चष्मा नसणाऱ्यानं केली. पहिली सही माझी होती. कागद नर्सबाईंपुढं गेला तेव्हा त्यांनी तो बाजूला सारला.

"बेडा," त्या म्हणाल्या. नको.

अध्यक्षांना वाटलं त्यांना मराठी वाचता येत नाही. ते म्हणाले, "अहो बाई, चांगलंच लिहिलंय त्यांच्याबद्दल."

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. कुणाकडं न बघता उठल्या.

पंधरा दिवस मी फळ्यावर थाप लिहिली नाही. सोळाव्या दिवशी जमादार म्हणाले, "मास्तर, किती दिस सुतक पाळायचं? त्यास्नीबी हसायला आवडायचं." ते खरंच होतं. मी लिहिली. काय लिहिली ते आठवत नाही, पण सगळे हसले होते. पुढं मी आठ वर्षं तिथं राहिलो आणि फळा एक दिवस चुकला नाही. चौथ्या खोलीत एक निवृत्त तलाठी आला. त्याला पेशकारांची गोष्ट कुणी सांगितली नाही. पंधरा ऑगस्टला मी जातच राहिलो.

नर्सबाई मात्र फळ्यापुढं पुन्हा थांबल्या नाहीत. पाण्याला जाताना पलीकडच्या बाजूनं जायच्या. तरी एका पावसाळ्यात मला टायफॉईड झाला, तेव्हा पहिल्याच दिवशी त्या आल्या. रोज दोन वेळा यायच्या. ताप बघायच्या, गोळी द्यायच्या, कपाळावरची पट्टी बदलायच्या, कामात कुठं कसूर नाही. एकवीस दिवस आल्या. मी रोज म्हणायचो, "बसा ना बाई." त्या औषधाची बाटली हातात घेऊन, किती उरलंय ते बघायच्या, आणि न बसता जायच्या.